एका पानाच्या तुकड्यातून हरितलवकाचा पूर्ण जीनोम: अगस्त्यमलैच्या स्लिपर ऑर्किडसाठी कृती

पॅफिओपेडिलम ड्रूरी हे दक्षिण भारतातलं एकमेव स्लिपर ऑर्किड. त्याची बाकीची भारतीय भावंडं ईशान्येत आहेत. हे एकटं केरळ-तमिळनाडू सीमेवरच्या अगस्त्यमलै डोंगरांत, साधारण 1,400 ते 1,550 मीटर उंचीवर, उघड्या कातळांच्या आधारानं गवतात वाढतं. पिवळं फूल, पाकळ्यांच्या मधोमध तपकिरी-जांभळी रेघ, खाली चपलेसारखी पिशवी. कर्नल ड्रूरी यांना ते 1865 मध्ये सापडलं आणि त्यानंतर शौकिनांनी आणि व्यापाऱ्यांनी ते इतकं उपसलं की आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते.

अशा झाडाचा हरितलवक जीनोम (पेशीतल्या हिरव्या हरितलवकाचा स्वतःचा छोटा डीएनए) काढणं तंत्राच्या दृष्टीनं फार अवघड राहिलेलं नाही. अवघड हे की दुसरं पान मागायला जाता येत नाही. म्हणून खालची सगळी कृती एकाच हिशोबानं लिहिली आहे: हाताशी पानाचा एक तुकडा आहे आणि तो एकदाच वापरायचा आहे.

परवानगी

सगळी पॅफिओपेडिलम वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित वनस्पतींत मोडतात. पूर्वी ती सहाव्या अनुसूचीत होती, 2022 च्या दुरुस्तीनंतर तिसऱ्या अनुसूचीत आहेत. जंगलातून तुकडा घ्यायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. शिवाय ही प्रजाती साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्यामुळे नमुना क्रमनिर्धारणासाठी (डीएनएतली अक्षरं वाचण्यासाठी) परदेशी पाठवायचा विचार असेल तर कागदपत्रांतच वर्ष जाऊ शकतं. सरळ भारतातल्याच सेवा-प्रयोगशाळेत करा, इथं ही सोय सहज मिळते.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे संवर्धित रोप. केरळात पालोडच्या जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानासारख्या संस्थांत या जातीवर संवर्धनाचं काम झालेलं आहे. मूळ ठिकाणाची नोंद असलेल्या रोपाचं पान मिळत असेल तर डोंगर चढू नका. 'रोपवाटिकेतून आणलं' एवढीच माहिती असलेलं रोप मात्र घेऊ नका. या गटात संकर भरपूर आहेत, आणि हरितलवक बहुधा आईकडूनच येतो. संकराची आई दुसरीच जात असेल तर जीनोम बिनचूक जुळेल आणि नाव मात्र चुकीचं पडेल.

पान घेणं आणि वाळवणं

पूर्ण वाढलेलं पण जुनं न झालेलं निरोगी पान निवडा. टोकाकडचा 1 ते 2 चौरस सेंटिमीटरचा तुकडा पुरतो, ताजं वजन 100 ते 150 मिलिग्रॅम भरतं. कापण्याआधी पान 70 टक्के इथेनॉलनं पुसा, नाहीतर शेवाळ आणि बुरशीचा डीएनएही सोबत येतो.

ब्लेड प्रत्येक झाडाला नवं. ऑर्किडमध्ये सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू कापण्याच्या हत्यारांतून सर्रास पसरतात आणि ब्लेड नुसतं इथेनॉलनं पुसून त्यांचा भरवसा देता येत नाही. उरलेल्या मोजक्या झाडांत आपणच रोग सोडला तर कसलं संवर्धन? कापलेली कड कोरडी होईपर्यंत त्या पानावर पाणी पडू देऊ नका.

स्लिपर ऑर्किडचं पान जाड आणि रसाळ असतं. अख्खा तुकडा सिलिका जेलमध्ये टाकला तर बाहेरून कडक दिसतो आणि आतून दोन-तीन दिवस ओला राहतो. तेवढ्यात डीएनए तुटतो, पान तपकिरी पडतं. म्हणून तुकड्याच्या 2 मिलिमीटरच्या पट्ट्या करा, चहाच्या रिकाम्या पिशवीत किंवा पातळ कागदात घाला आणि वजनाच्या किमान दहापट, जमल्यास वीसपट, रंग बदलणाऱ्या सिलिकात पुरा. चोवीस तासांनी सिलिका बदला. नीट वाळलेली पट्टी वाकवली की कट्कन मोडते आणि हिरवीच राहते. सीतेच्या वेणीसारख्या आपल्याकडच्या जाड पानांच्या ऑर्किडलाही हीच पद्धत लागते. पठारांवरच्या हबेनारियांची पातळ पानं मात्र फार त्रास न देता वाळतात.

नमुन्याचा पुरावा म्हणून अख्खं झाड दाबून हर्बेरियम शीट करणं इथं शक्य नाही, करूही नये. फुलाचे समोरून, बाजूनं आणि पिशवी उघडून काढलेले फोटो मोजपट्टीसह ठेवा. एखादं कोमेजतं फूल मिळालं तर ते स्पिरिटमध्ये टाकून हर्बेरियममध्ये क्रमांक घ्या. जीपीएस नोंद स्वतःच्या वहीत पूर्ण असू द्या, पण बाहेर देताना राज्यापुरतीच द्या. ऑर्किड चोरणारे शोधनिबंधही वाचतात.

डीएनए काढणं: खरी लढाई चिकटपणाशी

या पानांत पॉलिसॅकराइड भरपूर असतं. नेहमीची सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) पद्धत सरळ वापरली तर शेवटी नळीच्या तळाशी डीएनएऐवजी भेंडीच्या तारेसारखा पारदर्शक गोळा मिळतो. तो पाण्यात विरघळत नाही, पिपेटला चिकटतो आणि पुढच्या सगळ्या एन्झाइमांना अडवतो. उपाय दोन: आधी सॉर्बिटॉलनं धुणं आणि मिठाचं प्रमाण वाढवणं.

सॉर्बिटॉल बफर, 100 मिलिलिटरसाठी: सॉर्बिटॉल 6.4 ग्रॅम, 1 मोलर ट्रिस पीएच 8.0 चे 10 मिलिलिटर, 0.5 मोलर ईडीटीए 1 मिलिलिटर, पीव्हीपी-40 1 ग्रॅम.

सीटॅब बफर, 100 मिलिलिटरसाठी: सीटॅब 2 ग्रॅम, सोडियम क्लोराइड 11.7 ग्रॅम म्हणजे 2 मोलर (मूळ कृतीत 1.4 मोलर असतं, ते इथं कमी पडतं), 1 मोलर ट्रिस 10 मिलिलिटर, 0.5 मोलर ईडीटीए 4 मिलिलिटर, पीव्हीपी-40 2 ग्रॅम. 60 अंशांवर ढवळत विरघळवा, घाई केली तर फेसच होतो. दोन्ही बफरांत बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल वापरायच्या वेळीच, धूरकक्षात, मिलिलिटरमागे 10 मायक्रोलिटर घाला.

वाळलेल्या पट्ट्यांपैकी निम्म्या द्रव नायट्रोजनमध्ये पिठासारख्या बारीक करा. उरलेल्या पट्ट्यांना अजून हात लावू नका. भुकटीत 1 मिलिलिटर गार सॉर्बिटॉल बफर घालून हलवा, 5,000 जी (गुरुत्वाच्या 5,000 पट) वर 5 मिनिटं फिरवा, वरचं पाणी टाकून द्या. पहिल्या धुण्यात ते पाणी पिपेटच्या टोकाला लोंबतं. ते साध्या पाण्यासारखं सुटेपर्यंत धुवा. बहुधा दोन-तीन वेळा पुरतं. पेशीकेंद्रकं आणि हरितलवक या टप्प्यात तळाशीच राहतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण वेग कमी ठेवू नका, नाहीतर मालच वाहून जाईल.

मग 65 अंशांवर तापवलेला सीटॅब बफर 700 मायक्रोलिटर घाला आणि 45 मिनिटं त्याच तापमानाला ठेवा, दर दहा मिनिटांनी नळी उलटी-सुलटी करा. व्होर्टेक्स नको. खोलीच्या तापमानाला आल्यावर तेवढंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, 24:1, घालून दहा मिनिटं हलक्या हातानं मिसळा आणि 12,000 जी वर 10 मिनिटं फिरवा. सेंट्रिफ्यूज 4 अंशांवर लावायची सवय इथं मोडावी लागते, कारण साधारण 15 अंशांखाली सीटॅब स्वतःच पांढरे स्फटिक होऊन खाली बसतं. वरचा थर घ्या, मधल्या पांढऱ्या पापुद्र्याच्या जवळ जाऊ नका. शंभरेक मायक्रोलिटर सोडून द्यावे लागले तरी चालतील. क्लोरोफॉर्म पुन्हा एकदा.

वरच्या थरात 10 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं आरएनेज 2 मायक्रोलिटर, 37 अंशांवर 30 मिनिटं. नंतर 0.7 पट आयसोप्रोपॅनॉल घालून उणे 20 ला फक्त अर्धा तास. रात्रभर ठेवलं की उत्पन्न वाढल्यासारखं दिसतं, पण वाढतं ते बहुतेक पॉलिसॅकराइड. 12,000 जी, 10 मिनिटं. 70 टक्के इथेनॉलनं दोनदा धुवा, हवेवर वाळवा आणि 50 मायक्रोलिटर 10 मिलिमोलर ट्रिस, पीएच 8.5 मध्ये विरघळवा. गोळा काचेसारखा कडक होईपर्यंत वाळवला तर तो विरघळायला दोन दिवस घेतो. कडा पारदर्शक झाल्या की थांबा.

मोजमाप

नॅनोड्रॉपचा (प्रकाश किती शोषला यावरून मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा प्रमाणासाठी वापरू नका, शुद्धतेसाठी वापरा. 260/280 गुणोत्तर 1.8 ते 2.0, आणि 260/230 किमान 1.8. दुसरा आकडा 1 च्या खाली असेल तर पॉलिसॅकराइड किंवा फेनॉल उरलेलं आहे. प्रमाण क्युबिटवर (डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगावरून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. अशुद्ध नमुन्यात नॅनोड्रॉप कित्येक पटींनी फुगवून सांगतो आणि त्या भरवशावर लायब्ररी (यंत्रात वाचण्यासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) केली तर ती रिकामी निघते. 0.8 टक्के अगारोजवर एकच वरचा पट्टा हवा. डीएनए विहिरीतून वर तरंगून बाहेर येत असेल किंवा विहिरीतच अडकून बसत असेल तर पुन्हा पॉलिसॅकराइडच. अशा वेळी डीएनए टाकून देऊ नका. निम्म्या आकारमानाचं 5 मोलर सोडियम क्लोराइड घालून दुप्पट इथेनॉलनं परत बसवा. जास्त मिठात पॉलिसॅकराइड द्रवातच राहतं आणि डीएनए खाली येतो.

लायब्ररीला 100 ते 200 नॅनोग्रॅम पुरतात.

किती डेटा मागवायचा

हरितलवक वेगळे काढायची गरज नाही. एकूण डीएनएचं वरवरचं क्रमनिर्धारण करायचं आणि त्यातून हरितलवकाचे रीड्स (यंत्रानं वाचलेले छोटे तुकडे) वेचायचे. फक्त पॅफिओपेडिलमचा पेशीकेंद्रकी जीनोम अवाढव्य असतो, 16 ते 35 पिकोग्रॅमच्या आसपास. म्हणून हरितलवकाचा वाटा इतर वनस्पतींपेक्षा कमी पडू शकतो, आणि इतरांच्या शोधनिबंधातला '2 गिगाबेस पुरे' (गिगाबेस म्हणजे अब्ज बेस, बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) हा आकडा इथं उचलू नये. 5 गिगाबेस मागवा, म्हणजे 150 बेसच्या सुमारे 1 कोटी 67 लाख जोड्या. त्यातले 2 टक्केच हरितलवकाचे निघाले तरी 10 कोटी बेस होतात. त्याला 1,60,000 नं भागलं की 600 पटींहून जास्त खोली (प्रत्येक बेस सरासरी किती वेळा वाचला) मिळते. 100 पटींतही काम होतं.

सेवा देणाऱ्यांना तीन गोष्टी लेखी सांगा: तुकड्याची लांबी सुमारे 350 बेस, पीसीआरची आवर्तनं कमीत कमी, आणि प्रत्येक नमुन्याला दोन्ही टोकांना वेगळे इंडेक्स (नमुना ओळखायची खूण-अक्षरं). शेवटची अट विसरू नका. एकाच लेनमध्ये दुसरं एखादं स्लिपर ऑर्किड असेल आणि इंडेक्स सामायिक असतील, तर त्याचे हरितलवक रीड्स आपल्या फाइलमध्ये शिरतात. दोन्ही क्रम इतके सारखे असतात की नंतर वेगळं करणं जवळजवळ अशक्य.

जुळवणी, आणि या गटाची खोच

रीड्स फास्ट-पीनं साफ करा. दोन रंगांच्या रसायनावर चालणाऱ्या यंत्राचा डेटा असेल तर शेवटची खोटी जी-जी-जी शेपटी छाटण्याचा पर्याय चालू ठेवा. मग गेटऑर्गनेल: वनस्पती हरितलवकाचा संच, 15 फेऱ्या, के-मर (जुळवणीसाठी रीड्सचे पाडलेले तुकडे, बेसमध्ये लांबी) 21, 45, 65, 85, 105. हा प्रोग्रॅम मुळात प्रत्येक फाइलमधले दीड कोटीच रीड्स घेतो. हरितलवकाचा वाटा फार कमी निघाला तर ती मर्यादा वाढवा. पडताळा म्हणून नोव्होप्लास्टीतही एकदा चालवा, बीज म्हणून जवळच्या जातीचं आरबीसीएल जनुक द्या.

आता जुळवणीचा आलेख बँडेज या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि नीट बघा. पाठ्यपुस्तकातल्या हरितलवक जीनोमला चार भाग असतात: मोठा एकेरी भाग, लहान एकेरी भाग आणि त्यांच्या मधल्या दोन उलट्या प्रती, ज्यांना सगळे आयआर म्हणतात. बहुतेक वनस्पतींत लहान एकेरी भाग 18,000 बेसच्या आसपास असतो. पॅफिओपेडिलममध्ये आयआर पसरत गेला आहे आणि लहान भाग आक्रसून काही जातींत जेमतेम 500 तर काहींत सुमारे 6,000 बेसचा उरला आहे. त्यातली जनुकं जातीजातींत जागाही बदलतात. आलेखात हा भाग एवढासा फास दिसतो. कचरा समजून तो छाटला, किंवा दूरच्या ऑर्किडचा संदर्भ-जीनोम लादून जुळवणी केली, की वर्तुळ तर पूर्ण होतं, पण ते चुकीचं असतं. अशी चूक कुठलंही सॉफ्टवेअर लाल अक्षरांत दाखवत नाही. म्हणून आधी संदर्भाशिवाय जुळवा, तुलना नंतर करा, आणि तुलनेला पॅफिओपेडिलमच घ्या. पॅफिओपेडिलम आर्मेनिॲकम आणि पॅफिओपेडिलम निव्हियम यांचे पूर्ण क्रम जेनबँक या सार्वजनिक क्रमसंग्रहात आहेत.

प्रोग्रॅम बहुधा दोन उत्तरं देतो, लहान भागाची दिशा उलट असलेली. दोन्ही खरी असतात, एकाच पेशीत दोन्ही रूपं नांदतात. जवळच्या प्रकाशित क्रमाशी जुळणारी दिशा घ्या आणि पुढे चला.

आयआरच्या सीमा क्रम स्वतःशीच ब्लास्ट करून (ब्लास्ट या प्रोग्रॅमनं ताडून) मिळतात. त्यानंतर रीड्स बोटाय-2 नं परत क्रमावर बसवा आणि खोली बघा. इथं एक गैरसमज नेहमी होतो. आयआरच्या दोन्ही प्रती फाइलमध्ये असतील तर रीड्स दोघांत वाटले जातात आणि खोली सगळीकडे सारखीच दिसते. दुप्पट खोली बघायची तर एक प्रत काढून टाकलेल्या क्रमावर बसवा. कुठे खोली एकदम शून्याकडे गेली तर तिथं जोड चुकला आहे. आलेखात दहापट कमी खोलीच्या फांद्या दिसल्या तर त्या तंतुकणिकेत किंवा केंद्रकात गेलेल्या हरितलवकाच्या जुन्या प्रती असतात, त्या सोडून द्या.

चारही सांधे पीसीआर आणि सँगर क्रमनिर्धारणानं (एकेक तुकडा वेगळा वाचायच्या पद्धतीनं) तपासल्याशिवाय क्रम जमा करू नका. प्राइमर (पीसीआर जिथून सुरू होतो तो छोटा डीएनए तुकडा) सांध्यापासून 150 ते 250 बेस दूर ठेवा. सहा प्राइमर पुरतात: आयआरच्या प्रत्येक टोकाला एक, आणि एकेरी भागांच्या चार टोकांना चार. लहान भाग 600 बेसचाच असेल तर मोह होतो की दोन्ही बाजूंचे आयआर प्राइमर लावून तो अख्खा वाढवावा. पण उलट्या प्रतींमुळे 'दोन्ही बाजूंचा' प्राइमर खरं तर एकच असतो. उत्पादनाची टोकं एकमेकांनाच चिकटतात, पट्टा फिका येतो, आणि त्याच प्राइमरनं सँगर केलं तर दोन्ही टोकांचे क्रम एकावर एक येऊन आलेखाचा खिचडा होतो. लहान भागाच्या आत एक प्राइमर हवाच.

12 हून जास्त सलग ए किंवा टी असलेल्या जागाही बघून ठेवा. तिथली लांबी रीड्समध्ये एक-दोन बेसनं डगमगते आणि हा डगमग लोक बिनधास्त 'नवा सूक्ष्मउपग्रह' (मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतला पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) म्हणून छापतात.

जनुकांची नावं लावणं

जी-सेक किंवा पीजीए वापरा, पण तो कच्चा मसुदा समजा. हातानं तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. आरपीएस-12 हे तुकड्यांत विखुरलेलं जनुक, त्याचे तुकडे नीट जोडले आहेत का? पेट-बी, पेट-डी आणि आरपीएल-16 यांचा पहिला एक्झॉन (जनुकाचा संदेशात राहणारा तुकडा) दहा बेसपेक्षाही लहान असतो, प्रोग्रॅम तो हमखास गाळतात. एनडीएच गटातली जनुकं पॅफिओपेडिलममध्ये गायब झालेली किंवा मोडलेली आहेत. प्रोग्रॅमला मात्र तुकडा सापडला की तो पूर्ण जनुक म्हणून नाव लावून मोकळा होतो. मधे थांबा-संकेत किंवा चौकट बिघडलेली असेल तर छद्मजनुक म्हणून नोंदवा. वायसीएफ-1 अख्खं आयआरमध्ये गेलेलं असलं तर ते दोनदा मोजावं लागतं, त्यामुळे एकूण जनुकांची संख्या आणि वेगवेगळ्या जनुकांची संख्या असे दोन आकडे लिहा.

क्रम कुठून सुरू करायचा याचा संकेत मोठ्या एकेरी भागाच्या पहिल्या बेसपासून असा आहे. ऑर्किडमध्ये टीआरएनएच आणि आरपीएस-19 सहसा आयआरमध्ये असतात, म्हणून पहिलं जनुक पीएसबी-ए दिसतं. तसं न दिसल्यास वर्तुळ बहुधा चुकीच्या जागी कापलं आहे.

जमा करताना

जेनबँकला पूर्ण क्रमासोबत हर्बेरियम क्रमांक किंवा जिवंत रोपाचा नोंदणी क्रमांक द्या, ठिकाण 'भारत: केरळ' एवढंच. कच्चे रीड्सही एसआरए या रीड्सच्या सार्वजनिक संग्रहात किंवा फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा करा. जुळवणीबद्दल शंका आली तर ती त्यातूनच तपासता येते. त्याच रीड्समधून केंद्रकातला राइबोसोमल डीएनएचा पट्टाही जुळवून घ्या. त्याला वेगळा खर्च नाही, आणि संकराचा संशय त्यावरून फिटतो, जो हरितलवकावरून फिटत नाही.

निबंधात एक दावा टाळा: एका झाडाच्या हरितलवकावरून जातीतली जनुकीय विविधता सांगता येत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या कातळांवरची अनेक झाडं आणि केंद्रकातले खूणक्रम लागतात.

उरलेला डीएनए दोन नळ्यांत विभागून उणे 80 ला ठेवा, जमल्यास दुसरी नळी दुसऱ्या संस्थेत. न वापरलेल्या पट्ट्या ताज्या सिलिकात, अंधारात. लेबल पेन्सिलीनं लिहून आत टाका, कारण बाहेरची शाई इथेनॉलचा एक थेंब लागला तरी पुसली जाते.